खुलताबादला एकच कबर नाही

"खुलताबाद म्हणजे औरंगजेबाची कबर आहे तेच ना?" गावाचे नाव काढले की हा प्रश्न ठरलेला. विचारणारा मुंबईचा पत्रकार असो, पुण्याचा प्राध्यापक असो, नाहीतर आमच्याच एखाद्या जलशाला आलेला मौलवी असो, प्रश्नात फरक पडत नाही. जणू तीनशे वर्षांपूर्वी एक म्हातारा बादशहा तिथे पुरला गेला आणि त्या दिवसापासून त्या गावात कुणी जन्मले नाही, कुणाचे लग्न झाले नाही, कुणी शेत नांगरले नाही, सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तहसीलच्या पायरीवर कुणी दिवस मोडला नाही.

एका अख्ख्या गावाची एक कबर कशी झाली, हा आमचा प्रश्न आहे. ती दोघांनी मिळून केली. कबर उखडायला निघालेल्यांनी केली आणि त्यांना खिजवण्यासाठी कॅमेरे घेऊन तिथे फुले वाहायला येणाऱ्यांनीही केली. पण या दोघांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्हाला बोलायचे आहे ते तिसऱ्या गुन्हेगाराबद्दल. तो म्हणजे आम्ही स्वतः, मराठी बोलणारे, मराठी लिहिणारे मुसलमान. गावाचा इतिहास आमच्या हाती होता, आणि तो आम्ही मराठीत सांगितला नाही.

खुलताबाद हे तालुक्याचे गाव आहे. आमच्यातले कितीतरी जण अशाच कसब्यांतून वाढले. एक तहसील कचेरी, एक पोलीस ठाणे, एक पंचायत समिती, एसटीचे स्टँड, आठवड्याचा बाजार, कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे, झेरॉक्सची दुकाने, चहाची टपरी आणि तिथे बसलेली चार रिकामी माणसे, यांचे मिळून तालुक्याचे गाव होते. खुलताबाद याला अपवाद नाही. औरंगाबादहून, म्हणजे २०२३ पासून सरकारी कागदावर जे छत्रपती संभाजीनगर झाले त्या शहरातून, दौलताबादचा किल्ला मागे टाकून घाट चढला की पंचवीसेक किलोमीटरवर हे गाव लागते. उंचावर असल्याने हवा थंड. भोवती डोंगर, सीताफळाची झाडे. २००१ च्या जनगणनेत वस्ती बारा-तेरा हजारांची होती. एवढेसे गाव. इथला तरुण सकाळच्या गाडीने शहराकडे कामाला जातो आणि रात्री परततो. सच्चर समितीने २००६ मध्ये आमच्या शिक्षणाचे आणि रोजगाराचे जे हाल आकड्यांत मांडले, त्यांत या तरुणाचा प्रश्न सापडेल. बादशहाच्या कबरीत तो सापडणार नाही, कबर राखली तरी नाही आणि खणली तरी नाही.

या गावाला तट आहे. तो औरंगजेबाने बांधला असे मानले जाते. तटाला दरवाजे आहेत आणि त्यांची नावे जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहेत : नगारखाना, पांगरा, लंगडा, मंगळपेठ, हमदादी आणि कुणबी आळी. मोगल बादशहाच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या तटाला कुणबी आळीचा दरवाजा! इतिहासाची मोठमोठी पुस्तके चाळताना आमच्या विद्वानांची नजर या नावावर अडकत नाही. आम्हाला मात्र वाटते, या गावाचा स्वभाव ओळखायचा तर सुरुवात इथून करावी. तटाच्या आत-बाहेर ये-जा करणारा माणूस कोण होता, ते हे नाव सांगते. त्याच्या खांद्यावर नांगर होता. पीर आले, बादशहा आले, निजाम आले; पण धान्य आले ते कुणबी आळीतून.

आता नावाकडे येऊ, कारण नावावरूनही आज भांडण आहे. परिसरातले जुने लोक या गावाला रौजाच म्हणत. रौजा म्हणजे मजार, समाधीस्थान. मेल्यानंतर औरंगजेबाला 'खुल्दमकान' म्हणजे स्वर्गवासी ही पदवी मिळाली, तिच्यावरून गाव खुल्दाबाद झाले. मराठी जिभेने त्याचे खुलताबाद केले. फारसीतला स्वर्ग मराठीत येऊन खुलला. २०२५ मध्ये या गावाचे नाव बदलून रत्नापूर करावे अशी जाहीर भाषा झाली. ज्यांना नावे बदलायची घाई आहे त्यांना एवढेच सांगणे आहे की बादशहाच्या पदवीला लोकांनी आधीच मोडून-वाकवून आपले करून टाकले आहे. या कामाला सरकारी गॅझेट लागले नव्हते.

पण बादशहा इथे आला तो शेवटी, आणि तोही मेल्यावर. त्याच्याआधी जवळजवळ चारशे वर्षे हे गाव फकिरांचे होते. जर जरी जर बक्ष या नावाने ओळखले जाणारे मुंतजबुद्दीन चौदाव्या शतकाच्या आरंभी इथे राहिले. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानी देवगिरीला हलवली, तेव्हा दिल्लीहून जी माणसे दक्षिणेत आली त्यांत निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन होते. त्यांचे बिरुद 'गरीब'. म्हातारपणी ते घोंगडी दुमडून तिच्यावर बसले, तर गुरूला त्यात शेखपणाचा तोरा दिसला आणि ते रागावले. अमीर खुसरोला मध्ये पडून समजूत घालावी लागली, अशी हकिकत त्या काळच्या ग्रंथांत आहे. घोंगडीची एक घडी ज्या परंपरेत अहंकार ठरत होती, त्या परंपरेच्या दर्ग्यांतून आज चादरीची लांबी मोजली जाते आणि देणगीदाराचे नाव भोंग्यावरून पुकारले जाते. यावर आम्ही बोलत नाही. बोललो तर आपलेच लोक दुखावतात.

बुऱ्हाणुद्दीन १३३७ मध्ये गेले. पुढे खानदेशच्या फारुकी सुलतानांनी त्यांच्या नावाने बुऱ्हाणपूर वसवले. त्यांचे शिष्य जैनुद्दीन शिराजी यांची गोष्ट तर प्रत्येक मराठी मुलाने शाळेत ऐकावी अशी आहे. बहामनी सुलतान पहिला महंमदशहा दारू पितो म्हणून जैनुद्दीनने त्याला मान द्यायचे नाकारले. सुलतानाने गाव सोडण्याचा हुकूम पाठवला. जैनुद्दीन गुरूच्या कबरीपाशी जाऊन बसला आणि मला इथून कोण उठवतो ते पाहतो, असे त्याने सांगितले. शेवटी नमते घेतले ते सुलतानाने. ही हकिकत फरिश्त्याने लिहून ठेवली आहे. आणि औरंगजेब पुरला गेला आहे तो याच जैनुद्दीनच्या दर्ग्याच्या अंगणात, उघड्यावर. टोप्या शिवून मिळालेल्या पैशांतून कबरीचा खर्च करावा असे तो सांगून गेला, अशी आख्यायिका आहे. म्हणजे साऱ्या हिंदुस्थानचा धनी शेवटी अशा फकिराच्या पायाशी आला, ज्याने सुलतानापुढे मान वाकवली नव्हती. त्या अंगणाचा मालक जैनुद्दीन आहे, बादशहा तिथला पाहुणा आहे. आमच्यातले जे लोक औरंगजेबाला 'आलमगीर, रहमतुल्ला अलैह' म्हणून मिरवतात त्यांनी पाहुण्याला घरमालक केले आणि घरमालकाला विसरले.

या गावात आणखी कोण कोण निजले आहे, ते एकदा ओळीने पाहावे. १६२६ साली वारलेला मलिक अंबर इथे आहे. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला, १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, जमीनमहसुलाची घडी घातली आणि आयुष्यभर लढला तो मोगलांशी. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा इथे आहे. १६७७ मध्ये हैदराबादेत शिवाजी महाराजांचे स्वागत करणारा, त्यांच्याशी तह करणारा, मादण्णा आणि आकण्णा या ब्राह्मण भावांच्या हाती कारभार सोपवणारा तो हाच. १६८७ मध्ये औरंगजेबाने त्याचे राज्य बुडवले, त्याला दौलताबादेत कैदेत ठेवले आणि कैदेतच तो मेला. गुलबर्ग्याच्या बंदेनवाजांचे वडील शाह राजू कत्ताल यांच्या दर्ग्यात त्याला जागा मिळाली. हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा मूळ पुरुष निजाम-उल-मुल्क १७४८ मध्ये गेला, तोही इथेच, बुऱ्हाणुद्दीनच्या दर्ग्यात. निजामुद्दीन औलियांची संभाषणे टिपून ठेवणारा कवी अमीर हसन इथे आहे. अठराव्या शतकातला अरबी-फारसीचा मोठा पंडित आझाद बिलग्रामी इथे आहे.

आता सांगा, यांतला 'मुसलमानांचा' कोण? मोगलांशी जन्मभर झुंजलेला मलिक अंबर, की मोगल बादशहा? कैदी, की कैद करणारा? शिवाजी महाराजांचा दोस्त या गावात आहे आणि संभाजी महाराजांना १६८९ मध्ये हालहाल करून मारणाराही याच गावात आहे. दोघेही कलमा पढणारे होते. राज्ये राज्यांशी लढली, धर्म धर्माशी नाही, हे वाक्य आम्ही परिसंवादांतून इतके घासले की त्याला आता धार राहिलेली नाही. पण खुलताबादेत हे वाक्य दगडात उभे आहे. ते तिथे नेऊन दाखवायचे सोडून आम्ही व्यासपीठावरून त्याचे पाठांतर करत राहिलो.

आणि हा केवळ कबरींचा तालुका नाही. गावातच भद्रा मारुतीचे देऊळ आहे. इथला मारुती उभा नाही, निजलेला आहे. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी शहरातून हजारो माणसे रात्रभर पायी चालत येतात. जर जरी जर बक्षच्या उरुसाला खाजा खाणारे आणि भद्रा मारुतीला नारळ फोडणारे असे दोन वेगळे बाजार या गावाला परवडत नाहीत. फुलवाला एकच असतो. जवळच सूलिभंजनचा डोंगर आहे. जनार्दनस्वामी आणि एकनाथ महाराज यांची ही तपाची जागा, अशी परंपरा सांगते. जनार्दनस्वामी दौलताबादचे किल्लेदार, आणि त्यांचे गुरू चांद बोधले हे सूफी होते असे मराठी संशोधक सांगत आले आहेत. शेख महंमद श्रीगोंदेकरांची गुरुपरंपराही त्यांच्याकडेच नेली जाते. म्हणजे भागवत धर्माची आणि आमच्या मराठी मुसलमान संतकवीची नाळ या एकाच डोंगररांगेत पुरलेली आहे. याच तालुक्यात वेरूळ आहे : लेणी, घृष्णेश्वर आणि भोसल्यांचे मूळ गाव. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफांना नवस केला आणि मुलांची नावे शहाजी, शरीफजी ठेवली, ही आठवण मराठी घराघरांत होती. एवढ्याशा तालुक्यात एवढे सारे असताना जगाला एकच कबर का दिसते?

आमचे उत्तर असे की बाकीचे सारे कुणी सांगितलेच नाही, निदान आम्ही तरी नाही. सूफी संप्रदायावर मराठीत लिहिले सेतुमाधवराव पगडींनी. मुसलमान मराठी संतकवींवर पुस्तक लिहिले रा. चिं. ढेऱ्यांनी. खुलताबादच्या चिश्ती पिरांचे फारसी ग्रंथ वाचून त्यांवर इंग्रजीत अख्खे पुस्तक लिहिले ते कार्ल अर्न्स्ट या अमेरिकन अभ्यासकाने, १९९२ मध्ये. या सर्वांचे आमच्यावर ऋण आहे. पण आपल्या आजोबाचे नाव शेजाऱ्याला विचारून घ्यावे लागते, याची लाजही वाटली पाहिजे. १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर आमच्यात कवी झाले, कथाकार झाले, फकरुद्दीन बेन्नूरांसारखे विचारवंत लाभले. मात्र एकेका गावाचा, एकेका कसब्याचा इतिहास कागदपत्रे वाचून मराठीत लिहायचा, हे खडतर काम आम्ही पुढे ढकलत राहिलो.

याला एक कारण आहे आणि ते खरे आहे. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. जुने कागद फारसी-उर्दूत. पुढची पिढी मराठी शाळेत गेली. आज स्थिती अशी की ज्याला कबरीवरचा मजकूर वाचता येतो त्याला मराठीत लेख लिहिता येत नाही, आणि ज्याला मराठीत लेख लिहिता येतो त्याला कबरीवरचा मजकूर वाचता येत नाही. पण कारण म्हणजे सबब नव्हे. मोडी शिकून लोक पेशवे दफ्तर वाचतात. आपल्या पोरांना फारसी शिकता येणार नाही काय?

दुसरे कारण मात्र खोटे आहे. आमच्या घराघरांत वंशावळी सापडतात, आणि त्या बहुधा अरबस्तानला नाहीतर इराणला जाऊन पोचतात. बागवान, पिंजारी, तांबोळी, मन्यार, अत्तार, कसाई ही आमची खरी गावकी. पण ती सांगायला आम्ही शरमतो. कुणबी आळीशी नाते सांगण्यापेक्षा बुखाऱ्याशी नाते सांगणे आम्हाला इज्जतीचे वाटते. मग कुणी 'तुम्ही बाहेरचे' म्हटले की आम्ही चिडतो. अहो, ते वाक्य त्याच्या तोंडी कुणी दिले? दिवाणखान्यात फ्रेम करून टांगलेले आहे ते.

तिसरे कारण नवे आहे. दर्गा म्हणजे शिर्क, उरूस म्हणजे बिदअत, असे शिकवणारे आता तालुक्या-तालुक्यांत पोचले आहेत. कुणी काय मानावे हा ज्याच्या-त्याच्या ईमानाचा प्रश्न आहे. आम्हालाही दर्ग्यांतला गल्ला, तावीज-गंड्यांचा धंदा पटत नाही. पण सहाशे-सातशे वर्षे ज्या उंबऱ्यावर साळी, माळी, कुणबी, महार, मुसलमान एकत्र बसले, तो उंबराच पुसून टाकायचा? तसे केले तर दर्ग्याच्या अंगणात एकच वस्तू शिल्लक राहील, बादशहाची कबर. एक बाजू म्हणते पीर नको, दुसरी म्हणते बादशहा नको. आणि ज्या दुकानदाराची चूल दोघांवरही नव्हे तर येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांवर पेटते, त्याला कुणी विचारत नाही.

मे २०२२ मध्ये हैदराबादचा एक पुढारी कबरीवर येऊन गेला, त्यावरून रान पेटले आणि पुरातत्त्व खात्याने काही दिवस ती जागा बंद ठेवली. मार्च २०२५ मध्ये एका चित्रपटाचे निमित्त झाले, कबर हटवा अशी आरोळी उठली, १७ मार्चला नागपुरात दंगल झाली आणि तिच्यात एकाचा जीव गेला. खुलताबादेत पोलिसांचा बंदोबस्त वाढला, कबरीभोवती पत्रे लागले. रमजानचे दिवस होते. ज्या गावावरून एवढे झाले, ते गाव मात्र पेटले नाही. कबरीशेजारी राहणारी हिंदू-मुसलमान माणसे एकमेकांच्या अंगावर गेली नाहीत. आमच्या मते त्या महिन्यातली मोठी बातमी ती होती. ती द्यायला गावात मराठी लिहिणारा आमचा माणूस हवा होता.

औरंगजेबाच्या बाबतीत आम्हाला कुणाचीही माफी मागायची नाही आणि त्याची वकिलीही करायची नाही. त्याने संभाजी महाराजांना मारले, दाराला मारले, सरमदला मारले, तानाशहाला कैदेत कुजवले. त्याचा हिशेब इतिहासकाराने मांडावा, खुलताबादच्या पानटपरीवाल्याने तो का द्यावा? कबर ही संरक्षित वास्तू आहे, ती कायद्याने राखली जावी, एवढे पुरे. तिला तीर्थ करू नये आणि तिला गुन्हेगाराचा पिंजराही करू नये.

आम्ही काय करावे, ते मात्र पक्के सांगता येते. फवाइद-उल-फुवाद, नफाइस-उल-अनफास, अहसन-उल-अक्वाल हे खुलताबादशी बांधलेले ग्रंथ मूळ फारसीतून मराठीत यावेत, इंग्रजीवरून नव्हे. मलिक अंबर, तानाशहा, आझाद बिलग्रामी, अमीर हसन यांच्या कबरींपाशी चार ओळी शुद्ध मराठीत वाचायला मिळाव्यात. तालुक्याच्या शाळांत मुलांनी गावातल्या म्हाताऱ्यांकडून उरूस, बाजार, रझाकाराचे दिवस, पोलीस ॲक्शन, बहात्तरचा दुष्काळ यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. म्हातारे दरवर्षी कमी होत आहेत. आणि पुढच्या संमेलनात 'मुस्लिम मराठी साहित्य : स्वरूप आणि समस्या' हा परिसंवाद एकदा न ठेवता त्या वेळेत एका तालुक्याच्या गावाचा इतिहास वाचून दाखवावा. खुलताबादने सुरुवात करावी. मग श्रीगोंदा, मग अंबाजोगाई, मग राजापूर. आपापल्या गावाचे काम आपण अंगावर घ्यावे.

एवढे केले म्हणजे भांडखोर गप्प बसतील, असा आमचा भाबडा समज नाही. पण तालुक्याच्या कचेरीत दाखला काढायला उभी असलेली आमची मुलगी, "कबरीवाल्या गावची का?" या प्रश्नाला खाली मान घालणार नाही. ती उलट विचारेल, "कुणाच्या कबरीचं विचारता? मलिक अंबरच्या, की शिवाजी महाराजांच्या दोस्ताच्या? जैनुद्दीनचं विचारत असाल तर बसा, सांगते. आणि नुसताच रस्ता विचारत असाल तर कुणबी आळीच्या दरवाज्याने आत या."